हिशेब आधी, नारळ मागाहून

गोव्यातील देवस्थानांच्या वर्धापनोत्सवात अलीकडे एका नव्या विधीची भर पडली आहे. अभिषेक, महापूजा, आरती, महाप्रसाद व रात्रीची पालखी हे सारे परंपरेने चालत आलेले. त्यांच्या जोडीला सायंकाळी सभामंडपात सत्कारसमारंभ होतो. तालुक्यातील एखादा अधिकारी, शाळेचे मुख्याध्यापक, आरोग्यकेंद्रातील डॉक्टर, पोलीस ठाण्याचे प्रमुख अशांपैकी दोघाचौघांना व्यासपीठावर पाचारण करून शाल, श्रीफळ आणि मानचिन्ह अर्पण करण्यात येते. गोव्याबाहेर जेथे जेथे मराठी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झाली आहेत, तेथील मंडळांतही हा प्रघात अपरिचित नाही. लोकसेवकाच्या चांगल्या कामाची समाजाने जाहीर दखल घ्यावी, यात वाईट असे काहीच नाही. प्रश्न आहे तो ही दखल केव्हा घ्यावी आणि कोणी घ्यावी, याचा.

काही वर्षांपूर्वी एका देवस्थानाच्या सत्कारसमितीवर काम करण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर आला. वकील माणूस मानपत्राचा मसुदा बरा करील, एवढीच त्यामागे अपेक्षा असावी. समितीपुढे आलेल्या यादीत पहिले नाव होते तालुक्याच्या एका अधिकाऱ्याचे. गृहस्थ कर्तव्यदक्ष, बोलण्यात सौम्य, कामात चोख. त्यांच्याविषयी कोणाचीच तक्रार नव्हती. तथापि देवस्थानाचे त्या वर्षीचे हिशेब तपासणीसाठी त्यांच्याच मेजावर होते. कोणी ही गोष्ट बोलून दाखविली नाही. अखेरीस, एकेकाळी देवस्थानचे खजिनदार असलेले एक वृद्ध महाजन आपल्या कोंकणीत एवढेच म्हणाले, “नाल्ल दिवया, पूण हिशेब जाल्या उपरांत.” नारळ देऊ या, पण हिशेब झाल्यावर. मंडळी हसली. मला हसू आले नाही. कारण त्या वृद्ध गृहस्थांनी एका वाक्यात जे सांगितले, त्यावर इ. स. पू. ३३० मध्ये ग्रीस देशातील अथेन्स नगरीत एक मोठा खटला लढविला गेला होता.

त्या खटल्याची हकीगत अशी. इ. स. पू. ३३८ मध्ये कायरोनियाच्या रणांगणावर मॅसिडोनियाचा राजा फिलिप याने अथेन्स व थीब्झ यांच्या संयुक्त सैन्याचा पराभव केला. शत्रू नगरावर चाल करून येईल या भीतीने अथेन्सच्या तटबंदीची दुरुस्ती हाती घेण्यात आली. त्यासाठी प्रत्येक गणाने आपापला अधिकारी नेमला. अथेन्सच्या नागरिकांचे असे दहा गण असत. आपल्या गणाच्या वतीने सुप्रसिद्ध वक्ता डिमॉस्थेनीस याची नेमणूक झाली. या कामासाठी सरकारी खजिन्यातून सुमारे दहा टॅलेंट त्याच्या हाती आले, आणि त्यात त्याने पदरच्या शंभर मिना घातल्या. एक टॅलेंट म्हणजे साठ मिना. तेव्हा ही देणगी किरकोळ नव्हती. याखेरीज उत्सवप्रसंगी नागरिकांना वाटावयाच्या निधीची व्यवस्थाही त्याच्याकडे होती. इ. स. पू. ३३६ मध्ये क्टेसिफॉन नावाच्या नागरिकाने ठराव मांडला की, डिमॉस्थेनीसला सुवर्णमुकुट द्यावा आणि डायोनायसस देवाच्या महोत्सवात, भरलेल्या नाट्यगृहात, त्याची घोषणा व्हावी.

देवाचा उत्सव, जमलेला समाज, व्यासपीठ आणि मुकुट! आपल्या सभामंडपातील सत्काराचे याहून जवळचे पूर्वरूप शोधूनही सापडणार नाही.

डिमॉस्थेनीसचा जुना प्रतिस्पर्धी एस्किनीस याने या ठरावाविरुद्ध बेकायदेशीरपणाची फिर्याद गुदरली. तिची सुनावणी सहा वर्षांनी झाली. फिर्यादीचे मुद्दे तीन होते. ज्या अधिकाऱ्याने आपल्या कारभाराचा हिशेब अद्याप दिलेला नाही त्याला मुकुट देण्यास कायद्याची बंदी आहे, हा पहिला. मुकुटाची घोषणा नाट्यगृहात न होता लोकसभेत झाली पाहिजे, हा दुसरा. ठरावातील स्तुती असत्य आहे आणि असत्य मजकूर सार्वजनिक दप्तरात नोंदविता येत नाही, हा तिसरा. यांपैकी पहिला मुद्दा आपल्या विषयाच्या गाभ्याशी भिडणारा आहे.

अथेन्समध्ये अधिकारपद सोडणाऱ्या प्रत्येकाला हिशेबतपासनिसांपुढे उभे राहावे लागे. नंतर न्यायालयात दवंडी पिटून विचारले जाई की, या माणसाविरुद्ध कोणाला काही म्हणावयाचे आहे काय? हा नियम किती व्यापक होता, ते एस्किनीसने आपल्या भाषणात सविस्तर सांगितले आहे. स्वतःच्या वाडवडिलार्जित पैशातून युद्धनौकेचा खर्च सोसणाऱ्या नागरिकालाही हिशेब चुकत नसे. देवळांतील पुजारी व पुजारिणी लोकांच्या वतीने देवाची प्रार्थना करीत आणि त्याबद्दल ठरावीक मान घेत. त्यांनाही, एकेकट्याने व घराणेवारीने, जाब द्यावा लागे. ज्याच्या हाती नगराचा एक पैसाही आला नाही, त्याने ‘मी काही घेतले नाही व काही खर्चिले नाही’ असे लिहून द्यावयाचे. हिशेब होईपर्यंत त्या माणसाला देश सोडता येत नसे, मृत्युपत्र करता येत नसे, दत्तक जाता येत नसे. इतकेच नव्हे, तर देवाला काही अर्पणही करता येत नसे. देवाला दान करून हिशेबातून सुटण्याची वाटदेखील त्या विधिकारांनी बंद केली होती. आपल्यापैकी ज्यांनी देवस्थानांच्या वह्या चाळल्या आहेत, त्यांना या कलमाचे मर्म वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

असा कायदा का करावा लागला, याचे एस्किनीसने दिलेले कारण मार्मिक आहे. पूर्वी काही अधिकारी कारभारात अफरातफर करीत, वक्त्यांना हाताशी धरीत आणि हिशेबाची वेळ येण्यापूर्वीच आपणांस मुकुट देववीत. मग चौकशीत गुन्हा उघडकीस आला तरी न्यायाधीश संकोचात पडत. ज्याला काल भरसभेत गौरविले, त्यालाच आज चोर कसे ठरवावयाचे? अपराध्याची लाज न्यायाधीशांनाच वाटू लागे आणि गुन्हेगार सुटून जाई. म्हणून हिशेबाआधी गौरव नाही, असा नियम झाला. त्यावरही शोधकांनी पळवाट काढली. ठरावात ‘हिशेब दिल्यानंतर मुकुट द्यावा’ अशी पुस्ती जोडून स्तुती मात्र आधीच उरकून घ्यावयाची. मनुष्यस्वभाव तेवीस शतकांत फारसा बदललेला दिसत नाही.

डिमॉस्थेनीसच्या बाजूचे उत्तरही दुर्लक्षणीय नव्हते. त्याचे म्हणणे असे की, हा मुकुट मी भूषविलेल्या पदासाठी नाही. मी स्वतःच्या पैशातून दिलेल्या देणगीसाठी आहे. जो आपले देतो त्याने कशाचा हिशेब द्यावयाचा? पदाचा जाब जरूर घ्या, देणगीचे मात्र आभार माना. शिवाय आपल्यापूर्वी अनेकांना असेच मुकुट मिळाल्याचे दाखले त्याने पुढे केले. मग कायद्याची चौकट ओलांडून त्याने आपल्या सबंध राजकीय आयुष्याचा पट उलगडला. पराभव झाला, पण लढण्याचा निर्णय चुकला नव्हता, हे त्याने अथेन्सकरांच्या अंतःकरणाला पटविले. निकाल लागला तेव्हा एस्किनीसच्या पदरात एकपंचमांश मतेही पडली नाहीत. त्याबद्दल कायद्याप्रमाणे एक हजार द्राख्मांचा दंड त्याच्यावर बसला, आणि तो अथेन्स सोडून गेला.

वकिली पेशात आयुष्य घालविणाऱ्याला या निकालाविषयी काय वाटते, असे कोणी विचारील. माझे मत स्पष्ट आहे. माणूस म्हणून डिमॉस्थेनीस मुकुटास पात्र होता आणि कायद्याचा मुद्दा एस्किनीसचा बळकट होता. देणगी आणि पद यांची फारकत कागदावर करता येते. पण ज्या तटबंदीचा पैसा हाती आहे त्याच तटबंदीला देणगी दिली, तर दोन्ही एकाच वहीत येतात. खजिनदाराने देवाला चांदीची समई वाहिली म्हणून खजिन्याचा ताळेबंद वाचावयाचा राहत नाही. एस्किनीस द्वेषाने बोलत होता, हे खरे. परंतु द्वेष्ट्याच्या तोंडून निघाला म्हणून नियम खोटा ठरत नाही.

अथेन्समध्ये हा प्रश्न निदान समान नागरिकांमधला होता. सत्ता एकाची आणि प्रजा दुसरी, असे झाले म्हणजे सन्मानाचे काय होते, ते पुढे रोमच्या इतिहासात पाहावयास मिळते. इ. स. पू. ७३ ते ७१ या काळात सिसिली प्रांतावर वेरेस नावाचा सुभेदार होता. त्याने प्रांत धुऊन नेला आणि त्याच प्रांताकडून आपले पुतळे उभारून घेतले. स्वतःच्या नावाचा उत्सवही त्याने सुरू करविला. इ. स. पू. ७० मध्ये त्याच्यावर रोममध्ये खटला झाला व सिसेरोने फिर्यादीचे काम चालविले. तेव्हा मेस्साना शहराने वेरेसची स्तुती करण्यासाठी एक शिष्टमंडळ पाठविले. त्याचा प्रमुख होता हेयस नावाचा प्रतिष्ठित गृहस्थ. या हेयसच्या घरी पूर्वजांपासून चालत आलेले देवघर होते. प्रॅक्सिटेलीस, मायरॉन यांसारख्या थोर शिल्पकारांच्या मूर्ती त्यात होत्या. वेरेसने नाममात्र किंमत दाखवून त्या उचलून नेल्या होत्या. ज्याचे देवघर लुटले गेले, तोच लुटारूचे मानपत्र घेऊन आला! सिसेरोने त्याला साक्षीस उभे केले, तेव्हा त्याने शहराच्या वतीने स्तुतीही केली आणि आपल्या मूर्ती विकाऊ नव्हत्या हेही सांगितले. अधिकार चालू असताना दिलेल्या मानपत्राची खरी किंमत किती, हे हेयसच्या त्या दोन वाक्यांत सामावलेले आहे.

या अनुभवातून रोमने काही बोध घेतला. इ. स. ११ मध्ये सम्राट ऑगस्टसने आज्ञा काढली की, कोणत्याही प्रांताने आपल्या सुभेदाराचा सन्मान त्याच्या कारकीर्दीत करू नये, तसेच त्याने प्रांत सोडल्यावर साठ दिवस लोटेपर्यंतही करू नये. अशा प्रशस्तिपत्रांच्या आडून काही सुभेदार अनाचार करीत होते, असे त्याचे कारण इतिहासकाराने दिले आहे. साठ दिवसांची ही मुदत मला मोठी शहाणपणाची वाटते. तेवढ्या अवधीत नवा अधिकारी स्थिरस्थावर होतो, जुन्याचा धाक ओसरतो, आणि कृतज्ञता उरलीच असेल तर ती खरी असते.

या नाण्याला दुसरीही बाजू आहे व ती आपल्या सत्कारसमित्यांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. सन्मानाने घेणारा जसा बिघडतो, तसा देणाराही बिघडतो. इ. स. ६२ मध्ये, नीरोच्या कारकीर्दीत, क्रीट बेटावरील क्लॉडियस टिमार्कस नावाच्या एका धनाढ्याची रोमच्या सिनेटपुढे चौकशी झाली. सुभेदाराला प्रांताचे आभार मिळावयाचे की नाही हे आपल्या मुठीत आहे, अशी फुशारकी तो मारीत असे. त्या प्रसंगी थ्रेसिया पीटस या सिनेटसदस्याने दाखवून दिले की, सुभेदारांची कारकीर्द आरंभी चांगली असते व शेवटी ढिली पडते. कारण मते मागणाऱ्या उमेदवारासारखे ते आभारांच्या मागे लागतात. पुढे प्रांतिक सभांनी असे आभारप्रदर्शन पाठविण्यास मनाई करण्यात आली. एखाद्या गावात सत्कारसमितीचा अध्यक्ष कार्यालयात शिरताच खुर्च्या पुढे सरकू लागल्या, तर तेथे टिमार्कसचा वास आहे असे खुशाल समजावे.

हे सारे परदेशचे व प्राचीन काळचे झाले, असे म्हणून वाचकांनी ते बाजूला सारू नये. हिंदुस्थानात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांनी नजराण्यांच्या नावाखाली जी लूट केली, तिला आवर घालण्यासाठी १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टात भेटी स्वीकारण्यावर बंदी घालावी लागली. स्वतंत्र भारतातही केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांतील १४ वा नियम याच विषयावर आहे. शासनाच्या पूर्वपरवानगीवाचून सरकारी सेवकाने मानपत्र किंवा निरोपपत्र घेऊ नये, प्रशस्तिपत्र स्वीकारू नये, आणि स्वतःच्या किंवा दुसऱ्या सरकारी सेवकाच्या सन्मानार्थ भरलेल्या सभेस वा समारंभास जाऊ नये, असा त्याचा आशय आहे. अपवाद दोन. निवृत्ती अथवा बदलीच्या प्रसंगी होणारा खासगी व अनौपचारिक स्वरूपाचा निरोपसमारंभ हा पहिला. सार्वजनिक संस्थांनी योजिलेला साधा व अल्पखर्चाचा आदरसत्कार हा दुसरा. वर्गणीसाठी कर्मचाऱ्यांवर कोणतेही दडपण आणू नये, असेही तेथे बजावले आहे. गोवा शासनाच्या कर्मचाऱ्यांनाही हेच वर्तणूक नियम लागू आहेत. शाल पांघरविताना आपण त्या अधिकाऱ्याला कोणत्या पेचात टाकीत आहोत, याचा विचार किती समित्या करतात?

आता आपल्या देवळाच्या आवारात परत येऊ. आपल्याकडे ‘मान’ हा शब्द जुना आहे व त्याचा अर्थ निराळा आहे. पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशिया याने १५२६ मध्ये गावकाऱ्यांच्या चालीरीतींची जी सनद लिहून काढली, तिच्यात गावकरांच्या मानाचा क्रमही नोंदलेला आहे. विडा आधी कोणाला, वस्त्र आधी कोणाला, हे तेव्हाही ठरलेले होते. हा मान घराण्याचा. तो कमवावा लागत नसे, त्यामुळे त्याच्या योग्यायोग्यतेचा प्रश्नही येत नसे. देवळातील मानपानाचे तंटे पुढे थेट दिल्लीपर्यंत पोचले. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा दंडक घालून दिला की, नुसत्या मानासाठी दिवाणी दावा चालत नाही. मान एखाद्या पदाला त्याच्या मोबदल्यादाखल जोडलेला असेल तरच चालतो. आजचा सत्कार या जुन्या मानाच्या वस्त्रात आलेला असला तरी तो जातीने वेगळा आहे. तो कर्तृत्वाबद्दल दिला जातो. म्हणजेच ती समाजाची साक्ष आहे. आणि साक्ष म्हटली की उलटतपासणी आलीच.

गोव्यात तर हा प्रश्न अधिकच नाजूक आहे. आपल्या देवस्थानांचा कारभार पोर्तुगीज राजवटीत झालेल्या १८८६ च्या व त्यानंतर १९३३ च्या महाजनी नियमावलीच्या चौकटीत चालत आला. महाजनांनी समिती निवडावयाची, तिने अंदाजपत्रक व हिशेब ठेवावयाचे, आणि त्यांवर देखरेख तालुक्याच्या प्रशासकाने करावयाची. मुक्तीनंतर हे काम मामलेदाराकडे आले. तेव्हा एखाद्या देवस्थानाने आपल्याच तालुक्याच्या पदस्थ मामलेदाराचा सत्कार केला, तर ज्याची वही तपासावयाची तोच तपासनिसाला शाल घालतो, असे होते. दोघांच्याही मनात काळेबेरे नसेल. पण उद्या एखाद्या महाजनाने हिशेबावर हरकत घेतली, तर त्याला न्याय मिळाला असे वाटेल काय? न्याय नुसता होऊन भागत नाही, तो झाल्याचे दिसावे लागते, हे तत्त्व न्यायालयाइतकेच देवळालाही लागू आहे.

म्हणून सत्कार बंदच करावेत, असे माझे मुळीच म्हणणे नाही. कृतज्ञता व्यक्त न करणारा समाज कोरडा पडतो. एस्किनीसनेच आपल्या श्रोत्यांना आठवण दिली होती की, जुलमी राजवट उलथून लोकसत्ता परत आणणाऱ्या वीरांना अथेन्सने सोने दिले नव्हते. ऑलिव्हच्या पानांचा मुकुट दिला होता, आणि त्या पानांचे मोल नंतरच्या सोन्याहून अधिक होते. आपला नारळही तसाच आहे. त्याचे मोल बाजारभावावर नसते, तो कोणत्या हातांनी व कोणत्या वेळी दिला यावर असते. तेव्हा तीन साध्या गोष्टी पाळल्या जाव्यात, एवढीच विनंती. ज्याच्याकडे आपले काम अडलेले आहे, त्याचा सत्कार ते पद त्याच्याकडे असेतोवर करू नये. मानपत्रात विशेषणांपेक्षा कृत्ये लिहावीत. कोणत्या वर्षी, कोणते काम, कोणासाठी केले, हे लिहिता येत नसेल तर मानपत्रच लिहू नये. आणि सत्कारापूर्वी समितीने स्वतःचा वार्षिक हिशेब महाजनांपुढे वाचून दाखवावा. कारण जो स्वतः जाब देत नाही, त्याच्या साक्षीला वजन नसते.

त्या देवस्थानाच्या समितीत पुढे काय झाले, ते सांगून हा लेख पुरा करतो. वृद्ध महाजनांचे म्हणणे मान्य झाले. अधिकाऱ्याचे नाव तूर्त बाजूला ठेवून त्या वर्षी वीजखात्यातून निवृत्त झालेल्या एका लाईनमनचा सत्कार करण्यात आला. ऐन पावसाळ्यात, मध्यरात्री खांबावर चढणारा तो माणूस. त्याच्याकडे आता कोणाचेच काम उरले नव्हते. शाल खांद्यावर पडताना तो ओशाळला होता. पुढल्या वर्षी त्या अधिकाऱ्यांची बदली झाली. हिशेबही रीतसर मंजूर झाले होते. आता नारळ द्यावयास कोणतीच आडकाठी नव्हती. परंतु पुढील यादीत त्यांचे नाव कोणी सुचविले नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. जे नाव पहिल्या यादीच्या अग्रभागी एकमताने आले होते, ते खुर्ची सुटताच आम्ही विसरून गेलो. तो नारळ माणसाला नव्हता, खुर्चीला होता. हे विसरणाऱ्यांत मीही होतो आणि ही कबुली मी वाचकांपुढे देत आहे.

ते वृद्ध महाजन आता हयात नाहीत. यंदाच्या यादीत मी त्या अधिकाऱ्यांचे नाव स्वतःच्या हाताने लिहिले आहे. ते केव्हाच सेवानिवृत्त झाले आहेत आणि त्यांच्याकडे आमचे काहीही काम नाही.